तिरळ्या दिव्याची म्हातारी

भूत दिसलं असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की मी विचारायचो, "किती व्होल्टचं होतं?" सगळे हसायचे आणि सांगणारा बिचारा गप्प बसायचा. तेव्हा अशा अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांतला मी नव्हेच. अलिबागेत मोटारींचं वायरिंग आणि बॅटरी चार्जिंग करण्यात माझा जन्म गेला. दिवा लागायचा तर बॅटरी हवी, वायर हवी, बल्ब हवा... यातलं काहीही नसेल तर तुमचा देव येवो नाहीतर वेताळ येवो, दिवा लागत नाही. हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. आणि तरीही एक संध्याकाळ अशी आहे की तिचं काय करायचं ते मला कळलेलं नाही. बायको म्हणते, किती दिवस पोटात ठेवणार, लिहून टाका. म्हणून लिहितोय.

गोष्ट महाराष्ट्र राज्य व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. किहीमहून थळच्या बाजूला किनाऱ्याने चालत निघालं की सुरूची झाडं संपता संपता एक लहानसा कोळीवाडा लागायचा. तिथे माझा मामा राहायचा. समोर खांदेरीचं बेट आणि त्यावरचा दीपस्तंभ. किनाऱ्याजवळ मात्र पाण्याखाली सगळी खडपं, म्हणजे खडक. होडी आत आणायला त्यातून एकच चिंचोळी वाट. दिवसा माहीतगाराला काही वाटायचं नाही, पण अंधार पडला की जिवाशी खेळ.

पाय अधू झाल्यापासून मामा दर्यावर जात नव्हता. किहीमला बंगला असलेल्या मुंबईच्या एका शेटकडून त्याने जुनी मोटार घेतली होती. युद्धाच्या आधीची, काळी, कापडी टपाची. रेवसला लाँचमधून उतरणारी माणसं अलिबागला सोडायची, आणि सकाळी बायकांच्या मासळीच्या पाट्या बाजारात न्यायच्या, हा त्याचा धंदा. मागच्या सीटमध्ये बोंबलाचा वास असा मुरला होता की मुंबईची माणसं नाकाला रुमाल लावून बसायची. मामा म्हणायचा, "फुकटात बोंबलाचा वास मिलतंय, तरी तोंड वाकडं!" गाडीला सगळा कोळीवाडा म्हातारी म्हणायचा. सहा व्होल्टची बॅटरी, दिवे पिवळे, मिणमिणते. त्यात एकदा बैलगाडीला धडकून डावा दिवा खाली वळला होता. एक डोळा सरळ, एक तिरळा. मी कितीदा म्हटलं, मामा, सरळ करून देतो. तो हात लावू देत नसे.

त्याला कारण महादू. मामाचा एकुलता मुलगा, माझ्याहून थोडा लहान. महादूची होडी यायला उशीर झाला की मामा तिन्हीसांजेला म्हातारीला वाळूच्या उंचवट्यावर चढवायचा, तोंड दर्याकडे करायचा आणि दिवे लावायचा. खांदेरीचा दिवा सगळ्यांचा, हा आमच्या घरचा. पाण्यावरून बघताना सरळ दिवा आणि तिरळ्याचा वाळूवर पडलेला पिवळा पट्टा एका रेषेत आले की खडपातली वाट समोर आली, असं महादूचं गणित होतं. मग तो होडीतल्या कंदिलावर आपली टोपी झाकायचा, काढायचा... झाकायचा, काढायचा. इकडे मामा पायाखालचं बटण दाबून गाडीचे दिवे तसेच घालवायचा-आणायचा. "म्हातारीनं डोला मारला रे!" असं महादू पाण्यातूनच ओरडायचा, आणि वारा बरा असेल तर घरापर्यंत ऐकू यायचं. मामी कालवण चुलीवर ठेवायची ते हे ऐकल्यावरच.

त्या साली नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. महादूचं लग्न नुकतंच झालेलं. बायकोचं नाव सुंदर, वरसोलीची, हसतमुख पोरगी. त्या दिवशी त्याचा जोडीदार तापाने पडला होता, म्हणून महादू एकटाच लहान होडी घेऊन जवळचं जाळं बघायला गेला. दुपारी वारं फिरलं आणि असा पाऊस सुरू झाला की समोरचा माणूस दिसेना. मामाने म्हातारी उंचवट्यावर चढवली. उजेड जेमतेम पाण्यापर्यंत पोचत होता. पुढे काही दिवसांनी थळच्या बाजूला होडीच्या फळ्या सापडल्या. महादू सापडला नाही.

गणपती गेल्यावर मामा माझ्या दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. म्हणाला, "उजेड कमी परला रं. दिवे बदल."

माणूस गेल्यावर दिवे बदलून काय उपयोग, हे मला कळत होतं आणि त्याला कळत नव्हतं असंही नाही. पण तोंडावर कसं सांगणार? मुंबईच्या जुन्या बाजारातून लष्करी ट्रकचे दोन दिवे आणले, बारा व्होल्टचे. म्हातारीच्या जुन्या यंत्राला ते झेपणारे नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी बॅटरी दरवाजाखालच्या फळीवर बसवली. ती उतरली की मी सायकलवर घालून दुकानात न्यायचो आणि भरून परत आणायचो. जुन्या तारा कापून नव्या ओढल्या. दोन्ही दिवे अगदी सरळ बसवले, दोरी लावून. पहिल्यांदा लावले तेव्हा खडपावरचे बगळे दचकून उडाले. पार लांबच्या लाटेचा फेस पांढराशुभ्र दिसला.

मामा स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडला. "ह्ये त्या दिशी असतं तर..." एवढंच म्हणत राहिला.

तेव्हापासून त्याने धंदा सोडला. म्हातारी त्या उंचवट्यावरच उभी राहिली. इंजिनाची बॅटरी मेली ती मी काढून नेली, नवी कुणाला हवी होती? रोज दिवेलागणीला मामा लंगडत जाऊन बसायचा आणि ते पांढरे दिवे दर्यावर सोडायचा. बटण दाबायचा, थांबायचा, बघायचा. समोरून काही नाही.

घरात त्याहून वाईट चाललं होतं. महादूचा देह मिळाला नव्हता आणि मामी काही त्याचं क्रियाकर्म करू देईना. देह नाही मिळाला तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, तशी आपल्यात रीत आहे. पण पुतळ्याचं नाव काढलं की मामी अंगावर यायची. "माजा पोर हाय. त्यानं कंदील दावला न्हाय, तवर त्यो घरी आला न्हाय. आन घरी आल्याबिगर त्याला जालायचा कसा?"

आणि यात भरडली जात होती ती सुंदर. हातात हिरवा चुडा, कपाळाला कुंकू, पण हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे, आणि तिच्याजवळ बसून कुणी रडतही नसे. रडली तर मामी म्हणायची, "रडतेस कशाला गो? अपशकुन करतेस?" मग ती पोरगी नुसती खालमानेने मासळी साफ करत बसायची. तिचा भाऊ तिला न्यायला आला तर मामीने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला. मला मामीचा राग यायचा, अगदी खरं सांगतो. आईचं काळीज वगैरे ठीक आहे हो, पण ही दुसऱ्याची लेक जिवंतपणी कुजत होती.

वर्ष सरलं, पुन्हा गणपती झाले, पितृपक्ष लागला. सर्वपित्रीला घरोघरी गेलेल्यांच्या नावाने पान वाढतात. त्यात महादूचं पान वाढायचं की नाही, यावर समाजाच्या जाणत्यांनी मामाला बोलावलं. आता काय ते एकदा ठरवा म्हणाले. मामा त्या संध्याकाळी देवळात त्यांच्या बैठकीला गेला. वर्षात त्याने चुकवलेली ती पहिली संध्याकाळ.

मी नेमका बॅटरी न्यायला आलो होतो. ती सोडवून सायकलच्या कॅरियरला बांधतोय, तोच मामी घरातून आली. हातात महादूच्या सदऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी. सोडलं तर म्हातारीचे जुने दिवे. वर्षभर तिने ते जपून ठेवले होते, काचा राखेने घासलेल्या.

"ह्ये बसव," ती म्हणाली.

"मामी, वायरच नाही त्यांना. बॅटरी मी काढली. आज नाही लागायचे ते."

"न्हाय लागलं तरी चालंल. नुसतं बसव. त्या पांढऱ्या दिव्यांना त्यो ओलखत न्हाय. त्याला वाटत आसंल सरकारी लाँच हाय. आपली गाडी त्याला दिसलीच न्हाय रे वरीसभर..."

तिचा आवाज असा फाटला की माझा सगळा राग उतरला. म्हटलं, मामीची समजूत पटत असेल तर पटू दे. लष्करी दिवे उतरवले, जुने जागेवर चढवून बोल्ट आवळले. डावा आपला पुन्हा तिरळाच बसला, त्याची खोबणच वाकडी. आतले बल्ब गंजून खोबणीत चिकटले होते. ते मी काढून घेतले, म्हटलं दुकानात साफ करू, आणि रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकले. म्हणजे बघा, गाडीत बॅटरी नाही, दिव्यांना तार नाही आणि बल्ब माझ्या खिशात. हे मी मुद्दाम सांगतोय.

सूर्य बुडाला होता. पश्चिमेला अजून उजेड होता, माणसाचा चेहरा दिसेल एवढा. मामी जाऊन मामाच्या जागेवर बसली. आयुष्यात ती त्या सीटवर कधी बसली नव्हती. सुंदर रिकामी पाटी घेऊन खाली पाण्याकाठी उभी होती.

आणि खडपाच्या पलीकडे दिवा दिसला.

खांदेरीचा नव्हे, तो कुठे असतो ते मला झोपेतही सांगता येईल. हा खाली, पाण्याला लागून, तांबूस, हलणारा. मला वाटलं कुणाची तरी होडी आहे. तेवढ्यात तो गेला. आला. गेला. आला. कुणीतरी टोपी झाकावी, काढावी, तसा.

मागे खट्ट आवाज झाला. मामीने पायाखालचं बटण दाबलं होतं. माझ्या दोन्ही बाजूंनी पिवळा उजेड वाळूवर पडला... एक सरळ पाण्यावर, एक तिरका वाळूवर. माझीच सावली मला समोर दिसली. मागे वळून बघायचा धीर मला झाला नाही. छातीवर काहीतरी गरम लागत होतं, म्हणून हात लावला तर ते बल्ब होते.

तो कंदील वाटेला लागला. खडपांच्या मधून, जिथे वळायचं तिथे वळत, महादू आणायचा तसाच, सावकाश. कसला आवाज नाही, वल्ह्याचाही नाही. सुंदर गुडघाभर पाण्यात गेली. कंदील तिच्यापर्यंत आला, तिच्या तोंडावर त्याचा उजेड पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आणि मग तो विझला. मागचा उजेडही गेला. होडी नव्हती, कुणी नव्हतं. पाणी तेवढं होतं.

सुंदर तिथेच पाण्यात बसली आणि मोठ्याने रडायला लागली. वर्षभराचं रडू. मामी गाडीतून उतरली, वाळूवरून उतरत तिच्याकडे गेली. मला वाटलं आता हिला बोलणार. पण तिने सुनेला पोटाशी धरलं. म्हणाली, "रड गो बाय, रड आता. पोचला त्यो घरी." मग त्या दोघींबरोबर मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी मामी स्वतःच म्हणाली, पुतळा करा. सर्वपित्रीला महादूचं पान वाढलं, त्यावर मामीने कालवण घातलं. कावळा लगेच शिवला. सुंदरचा चुडा फोडायला बायका आल्या तर मामीने कुणाला हात लावू दिला नाही. खोबरेल लावून, एकेक करून, तिने स्वतः सगळ्या बांगड्या काढल्या, पोरीच्या हाताला ओरखडासुद्धा न येता. पुढे दोन वर्षांनी सुंदरचा पाट लागला, पुन्हा संसार उभा राहिला. तेव्हा तिच्या आईच्या जागी मामी बसली होती.

बल्ब मी दुकानात नेऊन तपासले. दोन्ही जळालेले होते. कधीपासून, कोण सांगणार? मी ते काढताना तपासले नव्हते. कुणी म्हणेल काचेवर पश्चिमेचा उजेड चमकला असेल, कुणाची तरी होडी चुकून आली असेल, रुमाल अंगाच्या उबेने तापला असेल. हे सगळं मी स्वतःलाच सांगून बघितलंय. पटत नाही.

पण मला रात्रंदिवस टोचतं ते वेगळंच. मामा. वर्षभर एकही संध्याकाळ न चुकवता तो बसला, आणि महादू आला तो नेमका मामा नसताना. देवळातून परतला तेव्हा मामी आणि सुंदर एकमेकींना धरून ओल्या लुगड्यांनी बसलेल्या. मी त्याला सगळं सांगितलं. तो जाऊन म्हातारीच्या तिरळ्या दिव्यावर हात ठेवून उभा राहिला.

त्यानंतरही तो जिवंत असेपर्यंत दर संध्याकाळी त्या गाडीत जाऊन बसायचा. दिवे तेच, जुने, बिनबॅटरीचे. मी वायर जोडून देतो म्हटलं तर नको म्हणाला. बटण दाबायचा, समोर बघायचा. त्याला कधीच काही दिसलं नाही. मी गेलो की मला शेजारी बसवून तो दरवेळी एकच विचारायचा, आणि भूत किती व्होल्टचं म्हणून लोकांना छळणारा मी दरवेळी एकच उत्तर द्यायचो.

"टोपी झाकली का रं त्यानं? तू बघितलंस ना?"

"बघितलं, मामा. झाकली, काढली, झाकली, काढली."

"आन म्हातारीनं डोला मारला?"

"मारला, मामा."