दहा मिनिटांची शांतता

आमच्या वरच्या मजल्यावर विज्ञानाच्या बाई एकट्याच राहतात. मुलं त्यांना मेणबत्तीबाई म्हणतात, कारण हवेच्या धड्याला त्या दरवर्षी पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालतात. घरी बोलायला कुणी नाही. त्यांचं दिवसभराचं बोलणं काय ते शाळेतच होतं. म्हणूनच, मुख्याध्यापकांनी जेव्हा सांगितलं, की आता धडे रेकॉर्ड करून द्या, वर्गात पडद्यावर दाखवू, तुम्ही ग्रंथालय सांभाळा, तेव्हा त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन नुसत्या बसून राहिल्या. चहावर साय धरली तरी कप उचलला नाही.

तरी धडा मात्र मन लावून केला. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला, ओट्यावर मेणबत्ती लावली. तास पस्तीस मिनिटांचा, म्हणून धडाही पस्तीस मिनिटांचा. फक्त वर्गातली सवय सुटली नाही. प्रश्न विचारला, की त्या बराच वेळ थांबायच्या आणि मगच पुढे बोलायच्या. समोर नुसती भिंत होती, तरीही.

आठवीत धडा लागला. मुख्याध्यापक पुढे बसले, बाई दाराशी उभ्या. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, मेणबत्ती का विझली? आणि थांबल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "कंटाळली असेल."

"शाब्बास, अगदी बरोबर," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या.

वर्ग हसून हसून लोळला. मुख्याध्यापकांनी त्या मधल्या जागा कापून टाकायला सांगितल्या.

तीन दिवस रोज संध्याकाळी बाई माझ्या टेबलाशी बसून ते काम करत होत्या. मी शेजारी मटार सोलत होते. कापण्याआधी प्रत्येक शांतता त्या एकदा पुरती ऐकायच्या.

धडा पंचवीस मिनिटांवर आला. आता उरलेली दहा मिनिटं मुलं वर्ग डोक्यावर घेतील, त्यांचं काय करायचं, असं मुख्याध्यापक कुरकुरले.

"मी आहे ना," बाई म्हणाल्या. "प्रश्न विचारेन."

तेवढी दहा मिनिटं त्यांना मिळाली. आता आठवीचा तास असला, की ग्रंथालयाला कुलूप लावून, पर्समध्ये मेणबत्ती घेऊन त्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभ्या राहतात. आत पडद्यावर त्याच बोलत असतात. त्यांचं बोलून होईपर्यंत बाई बाहेर थांबतात.