पित्त नव्हे

मराठी घरात जन्मून मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. हसा हवं तर, सगळेच हसतात. आमच्यात कोशिंबीर असो, भरली वांगी असोत की उपासाची खिचडी, दाण्याच्या कुटाशिवाय बायकांचा हातच चालत नाही. कोरमंगलाच्या ऑफिसात एकदा चिक्कीचा तुकडा खाऊन मी थेट दवाखान्यात पोचले होते. तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन माझ्या पर्समध्ये असतं. घरात सगळ्यांना सांगून झालंय. माझ्या थोरल्या जाऊबाईंनाही, ज्यांना आम्ही अक्का म्हणतो. पण अक्कांच्या मते ही आजकालच्या पोरींची थेरं.

गौरी जेवणाच्या दिवशी आम्ही इंदिरानगरला अक्कांकडे होतो. पानावर बसण्याआधी मी विचारलं, कशात कूट आहे का? नाही म्हणाल्या. काकडीच्या कोशिंबिरीचे दोन घास गेले आणि ओठ झिणझिणले. मग तळहात खाजायला लागले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळत चालला. मी अक्कांकडे बघितलं तेव्हा कुठे त्या बोलल्या. फिकी लागत होती म्हणून स्वल्प कूट घातलं, चिमूटभर, तेवढ्यानं काय होतंय.

काय होतंय! सासूबाई म्हणाल्या, पित्त उठलंय, आमसूल चोळा. लगेच एक बाई आमसुलाच्या पाण्याची वाटी घेऊन धावत आल्या. आमच्या लोकांचं हे ठरलेलं आहे, अंगावर काहीही उठलं की ते पित्त, आणि पित्ताला आमसूल. इकडे माझा आवाज गेला होता, श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि ह्या वाटीवाल्या बाई माझे दंड चोळताहेत. इतका संताप आला की घाबरायला सवडच मिळाली नाही.

मी वाटी ढकलून दिली, पर्स ओढली आणि भरल्या पंगतीत, नव्या इरकली साडीवरूनच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई खुपसली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती म्हणून आडवी झाले, पाय उशीवर टाकले. नवऱ्याला खुणेनं अँब्युलन्स बोलवायला सांगितली. इंजेक्शनानं फक्त वेळ मिळतो, दवाखाना चुकत नाही.

बरी होऊन घरी आले तर नवऱ्याचा सूर वेगळाच. सवाष्णींसमोर तमाशा झाला, अक्कांना फार लागलंय, एक फोन करून सॉरी म्हण म्हणजे विषय संपेल. वा रे वा! चोर तो चोर, वर शिरजोर. सॉरी म्हणे. मी कशाला म्हणू?

फोन केलाच नाही. एक मोसंबं आणि पाणी भरलेली सिरिंज घेऊन सरळ अक्कांच्या घरी गेले.

“अक्का, मी मेले असते ना, तर पित्तानं गेली म्हणून सांगितलं असतंत तुम्ही.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण मी हटले नाही. माझी वाचा आधी जाते, मग हात थरथरतात, पुढच्या वेळी कदाचित सुई धरता येणार नाही, हे त्यांना सरळ सांगितलं. सणावाराला पंगतीत माझ्या शेजारी त्याच बसतात. मोसंब्यात सुई कशी घुसवायची ते करून दाखवलं आणि सिरिंज त्यांच्या हातात दिली.

अक्का म्हणाल्या, “माझ्यानं नाही होणार.”

“मग मी तुमच्या डोळ्यांसमोर मरेन,” मी म्हटलं. “टोचा.”

त्यांनी टोचली.