तापीपलीकडची मतदारयादी आणि सासूबाईंची साखर

लोक हवा खायला महाबळेश्वरला जातात. मला मामलेदारसाहेबांनी तापीपलीकडे धूळ खायला पाठवलं. स्वातंत्र्याला नुकतं वर्ष झालेलं. दिल्लीत घटना अजून लिहून व्हायची होती, पण एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत मिळणार, हे ठरलं होतं आणि त्यांची यादी आत्ताच हवी होती. म्हणजे मुहूर्त निघायचाय, पण पानं मांडा! नंदुरबार कचेरीतला सगळ्यात बिनकामाचा कारकून म्हणून या राष्ट्रकार्यासाठी माझी निवड झाली.

कुणाला हा प्रवास करायचाच असेल तर सांगतो. सर्व्हिस मोटार पहाटे सुटते असं म्हणतात. सुटते ती ड्रायव्हरचा चहा झाला की. भाडं दहा आणे, उतरल्यावर हाडं आपली आपण मोजून घ्यायची. तापी नावेतून ओलांडायची. पलीकडे प्रकाशा नावाचं गाव लागतं. तिथल्या धर्मशाळेत पथारी फुकट, ढेकूणही फुकट. खानावळीतलं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मात्र अशी, की सरकारी नोकरीबद्दल माझं मत चांगलं दोन तास बरं राहिलं.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने पुढच्या खेड्यात गेलो. पहिलंच घर भगाबापूंचं. कापूस, केळी, दारात दोन बैलजोड्या. बापूंनी खाटेवर बसवलं, चहा दिला, तोही साखरेचा, आणि राशनकार्ड पुढे सरकवलं. "यामा शे तेच लिखा."

कार्डावर तीन मोठी माणसं होती: बापू, त्यांचा मुलगा आणि बापूंची बायको. घरातही तीनच, पण तिसरी दाराआड उभी होती ती सून.

"बापू, काकू कुठे आहेत?"

"ती? ती ते मरी गयी. दोन वरीस झायात."

"मग हे नाव?"

"राहू द्या ना! साखर येस, रॉकेल येस. तुम्ही तेच लिखा. मतना दिवसले हाई उभी ऱ्हाई," बापूंनी सुनेकडे बोट केलं.

नवं नाव चढवायचं म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे जुनं नाव लगेच जाणार, नवं कधी चढेल ते देव जाणे. म्हणून सासूबाई स्वर्गात बसून साखर खात होत्या आणि जिवंत सून कुठल्याच सरकारी कागदावर नव्हती. माझी यादीही त्या कार्डाशीच ताडून बघणार होते. मी पडलो बापूंचा चहा प्यालेला माणूस. निमूटपणे मेलेल्या बाईचं नाव लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं.

पुढच्या घराकडे निघतोय तोच सून पदर सावरत बाहेर आली. सगळी गल्ली बघतेय.

"भाऊ, मी जित्ती शे ना? मंग मन्हं नाव लिखा. जमना."

"जमनाबाई, साखर जाईल."

"जाऊ द्या. गूळ शे घरमा."

"तुले कोन इचारस?" बापू कडाडले.

"आते सरकार इचारी ऱ्हायनं ना!"

मी तिथेच वही उघडली, सासूबाईंवर काट मारली आणि जमनाचं नाव लिहिलं. उरलेल्या गावात मला चहा कुणी विचारला नाही, पाणीसुद्धा मागून प्यावं लागलं.

चार दिवसांनी घरी आलो आणि बायकोला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. "काय एकेक लोक असतात! मेलेल्यांच्या नावावर चहा पितात!"

तिने कपबशी माझ्यापुढे ठेवली. "हो ना. आणि मामंजींचं नाव कधी कमी करताय?"

घ्या! आमच्या कार्डावर माझे वडील, अण्णा, जाऊनही तीन वर्षं हयात होते.

दुसऱ्या दिवशी नाव कमी करायला गेलो. कारकून माझाच दोस्त. त्याने 'मयत' लिहून कागद माझ्यापुढे केला. सही करताना रडू आलं, कशाला लपवू? अण्णा जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात राबले. ना जमीन ना घर, त्यामुळे इंग्रजांच्या कुठल्याच निवडणुकीत त्यांना मत नव्हतं. जिवंत होते तोवर सरकारने त्यांना एका शब्दाने कधी काही विचारलं नाही. मेल्यावर मात्र तीन वर्षं नेमाने साखर दिली.