शाहदादचाचांचा शेवटचा गोल

खाबुऱ्याच्या बाजारातल्या आमच्या दुकानाच्या पायरीवर एक उंच माणूस पाय लांब करून बसला आहे, त्याच्या उजव्या गुडघ्यावर फडक्यात बांधलेला बर्फाचा तुकडा आहे, आणि त्या बर्फाचं पाणी पोटरीवरून ओघळत तापलेल्या सिमेंटवर पडून पडताक्षणी नाहीसं होतं आहे... बालपण आठवू लागले, की सर्वांत आधी हेच दृश्य डोळ्यांपुढे येतं. तो माणूस म्हणजे शाहदादचाचा. कराचीचे. एकेकाळी पाकिस्तानच्या फुटबॉल संघातून फॉरवर्ड म्हणून खेळलेले, आणि मी त्यांना ओळखू लागले तेव्हा खाबुऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यात काम करणारे.

अब्बा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून तरुणपणीच ओमानला आले आणि या किनाऱ्यावर मासेमारीच्या सामानाचं दुकान टाकून स्थिरावले. नायलॉनच्या नव्या जाळ्यांचा तो किंचित तिखट वास, दोरखंडांचा, रंगाच्या डब्यांचा. बाहेर वाळूवर वाळत घातलेल्या तारली माशांचा. आणि वाऱ्याची दिशा बदलली की मागच्या बागांमधून येणारा लिंबाच्या फुलांचा – या साऱ्या गंधांच्या सरमिसळीत माझी लहानपणीची दुपार घडलेली आहे. दुकानामागच्या दोन खोल्यांत आमचं घर. अम्मा सांदणं उकडायला ठेवी, तेव्हा त्या गोडसर वाफेनं दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा माना वळवून आत पाहत.

शाहदादचाचांना इथल्या क्लबनं खेळायला बोलावून आणलं होतं. ते बलुची, आणि निम्म्या गावाच्या घरात बलुचीच बोलली जाई, त्यामुळे ते इथं परके असे कधी राहिलेच नाहीत. पुढे गुडघा दुखू लागला, क्लबचा करार संपला, बरोबरीचे परदेशी खेळाडू आपापल्या देशी परतले. चाचा मात्र राहिले. एरवी दिवसभर कारखान्यात काम आणि शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर क्लबसाठी खेळ, असा त्यांचा क्रम ठरून गेला. संध्याकाळी कामावरून येताना ते बर्फाचा एक तुकडा घेऊन येत आणि आमच्या पायरीवर गुडघा शेकावा तसा तो गार करत बसत.

मला त्यांच्या गोष्टींचं वेड होतं. जाळ्याला लावायचे बुचाचे तरंगते गोळे दुकानात पोत्यानं असत. ते फरशीवर मांडून चाचा जुने सामने पुन्हा उभे करत. कराचीतल्या ल्यारीच्या गल्लीत अनवाणी खेळलेले, चिंध्यांच्या चेंडूचे. मग सरकारी खात्याच्या संघाकडून खेळलेले. मग अंगावर देशाचा हिरवा सदरा आला तेव्हाचे. त्या सदऱ्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज उतरे, जवळजवळ कुजबुजल्यासारखा होई. नवल याचं, की मारलेल्या गोलांपेक्षा हुकलेले गोल त्यांना अधिक स्पष्ट आठवत. “यहाँ गोलकीपर गिरा हुआ था, बेटी,” एक गोळा बोटानं सरकवत ते म्हणत, “और मैंने बाहर मार दी.” आणि मग बराच वेळ त्या गोळ्याकडे पाहत राहत.

अब्बांना फुटबॉलमधलं फारसं कळत नसे. क्रिकेटमध्ये भारत-पाकिस्तान सामना असला, की त्या दिवशी दोघं एकमेकांसमोर यायचं टाळत आणि दुसऱ्या दिवशी काहीच न घडल्यासारखा चहा घेत. पण चाचांचा शुक्रवारचा सामना अब्बांनी कधी चुकवला नाही. मैदान गावाबाहेर, खजुरीच्या बागेला लागून होतं... गवत नाही, नुसती दाबून सपाट केलेली माती आणि तिच्यावर ओढलेल्या चुन्याच्या पांढऱ्या रेघा. अब्बा पिकअप रेघेजवळ उभी करत आणि मी बॉनेटवर चढून बसे. पत्र्याची ऊब, धुळीचा वास, वेलचीच्या कहव्याचा थर्मास, आणि उतरत्या उन्हात लांबच लांब होत गेलेल्या खेळाडूंच्या सावल्या.

एका हिवाळ्यातला तो शेवटचा सामना शेजारच्या गावाविरुद्ध होता. त्यांच्याकडून बचावाला सालिम खेळत होता. सालिम मूळचा आमच्याच गावचा. चाचांकडूनच खेळ शिकलेला, त्यांना उस्ताद म्हणणारा, आणि आता मिसरूड फुटून वाऱ्यासारखा धावू लागलेला. सामना बरोबरीत सुटणार असं वाटत असताना मधल्या फळीतून एक लांब पास आला. चाचांनी तो छातीवर घेतला, खाली सोडला. समोर फक्त सालिम. चाचा डावीकडे झुकले, मग उजवीकडे वळले, आणि सालिमच्या बाजूनं निघून गेले. गोलकीपर पुढे यायच्या आत चेंडू जाळ्यात होता.

सारं मैदान उसळलं. पिकअपचे हॉर्न वाजू लागले, म्हातारे ओमानी काठ्या उंचावून हसू लागले. मी बॉनेटवर उभी राहून नाचत होते. पण चाचांनी हात वर केले नाहीत. ते तिथेच थांबले, त्यांनी वळून एकदा सालिमकडे पाहिलं, मग सावकाश चालत रेघेबाहेर आले आणि आमच्या गाडीच्या सावलीत बसून बुटांचे बंद सोडू लागले.

“क्या हुआ, भाई?” अब्बांनी विचारलं.

“खलास,” चाचा म्हणाले.

परतताना मी दोघांच्या मध्ये बसले होते. गोल मारून कुणी दुःखी का होतं, हे मला समजत नव्हतं, म्हणून मी विचारलं. चाचा खिडकीबाहेर पाहत होते. “सालिम ने मुझे रास्ता दे दिया, बेटी,” ते म्हणाले. “वो हट गया. उस्ताद समझके. जिस दिन सामनेवाला इज़्ज़त में हटने लगे, उस दिन घर जाना चाहिए.”

अब्बा काही बोलले नाहीत. गाडी चालवत राहिले.

त्यानंतर चाचा खेळले नाहीत. क्लबची माणसं दुकानात येऊन बसली, चहा झाले, आर्जवं झाली. चाचा हसून “इन्शाल्ला” म्हणत आणि शुक्रवारी बर्फ घेऊन आमच्या पायरीवरच असत. काही वर्षांनी ते कराचीला परतले. अम्मानं त्यांना लिंबाच्या लोणच्याची बरणी बांधून दिली आणि ती विमानात फुटू नये म्हणून टॉवेलांत गुंडाळताना तिचे डोळे भरून आले. मी शिकायला मस्कतला गेले, तिथंच नोकरी आणि संसार झाला. अब्बा-अम्मा रत्नागिरीकडे गावी परतले. अल् खुवैरच्या ऑफिसातून निघून गाड्यांच्या रांगेत अडकलेली असताना, चाचांच्या मुलानं फोनवर त्यांच्या जाण्याची बातमी सांगितली. मी गाडी कडेला घेतली... बाकी करण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीला घेऊन खाबुऱ्याला गेले. आमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मैदानावर हिरवं कृत्रिम गवत आलं आहे, आणि तिथं मुलांना शिकवत होता एक पोट सुटलेला, दाढीत पांढरे केस आलेला माणूस – सालिम. अब्बांचं नाव सांगताच त्यानं मला ओळखलं. आम्ही कहवा प्यायलो. चाचांचा विषय निघाला आणि मी, जणू ते सगळ्यांनाच ठाऊक असावं अशा सहजतेनं, हिंदीतच म्हणाले, “तुम्ही त्यांना वाट दिलीत, तो गोल मला अजून आठवतो.”

सालिमनं कप खाली ठेवला. “मैं नहीं हटा था,” तो म्हणाला. “अल्लाह की कसम. त्यांनी खांदा पाडून हूल दिली, मी फसलो. अख्ख्या आयुष्यात मला कुणी इतकं साफ चुकवलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीवर जाऊन सांगितलं. नंतर कराचीला फोन करून सांगायचो. प्रत्येक वेळी हसायचे, म्हणायचे, तू अच्छा लड़का है.” तो मुलांकडे पाहत राहिला. “त्यांनी कधी मानलंच नाही.”

परतीच्या रस्त्यावर, एका बाजूला समुद्र काळोखत जात असताना, तो क्षण पुन्हा पाहण्याचा मी फार प्रयत्न केला. मी तर तिथंच होते, चार हातांवर. पण माझ्या डोळ्यांनी पाहिलेला गोल केव्हाच पुसला गेला होता. उरला होता तो चाचांनी सांगितलेला. त्यात सालिम दर वेळी अदबीनं बाजूला होत होता.

घरी पोहोचल्यावर अब्बांना गावी फोन लावला. हल्ली त्यांना ऐकायला कमी येतं, दोनदा विचारावं लागलं. “अब्बा, तुम्ही तर बघत होतात. सालिम बाजूला झाला होता का?”

“नाय गो,” अब्बा म्हणाले. “तो कुठला बाजूला होतोय. शाहदादनं त्याला फसवलान. सुंदर गोल झालेला.”

“मग तेव्हा गाडीत का नाही बोललात?”



“मला फुटबॉलातलं काय कळतं, असं वाटलं गो,” ते म्हणाले. “तो एवढा मोठा खेळाडू.”