अडकित्ता आणि अर्धी गोळी

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि मागून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला. गाळणं हातात तसंच धरून मी उभा राहिलो. चहा कपाच्या कडेवरून ओट्यावर आला, ओट्यावरून खाली... आणि अशा वेळी मी विचारलं काय, तर "गोळी घेतली होती का तिनं?" प्रकाशला वाटलं, मामाला धक्का बसलाय. "कसली गोळी मामा, तुम्ही निघा." मी निघालो. तो प्रश्न माझ्याबरोबर रिक्षात बसला. भिवंडीहून शेलार काही लांब नाही, पण तो प्रश्न अजून रिक्षातून उतरलेला नाही.

तिसऱ्या दिवशी शेलारच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. वर अकरा पुढाऱ्यांचे फोटो, पांढऱ्या शर्टात, हात जोडून. खाली कोपऱ्यात हिराबाय. यातल्या एकानेही तिच्या हातची भाकर खाल्लेली नव्हती. दहाव्याला त्यांतलेच एक जण बोलायला उभे राहिले आणि माझ्या बहिणीला त्यांनी 'समाजाचा आधारवड' केलं. नाव मात्र दोनदा चुकवलं. बाय असती तर पदर तोंडावर धरून हसली असती आणि मला कोपरानं ढोसून म्हणाली असती, "मास्तर, ह्यो कोनच्या बाईवर बोलतंय?"

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिची शाळा तिसरीत सुटली, कारण मला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. पुढे मला शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा वाटेत खाडीचा फाटा आडवा. भरतीला पाणी कमरेपर्यंत यायचं, तिच्या कमरेपर्यंत, माझ्या डोक्यावरून. ती मला खांद्यावर घेऊन पलीकडे पोचवायची, शाळेच्या भिंतीला टेकून ओले पाय वाळवायची आणि आतून येणारे पाढे ऐकायची. मी इंग्रजीचा शिक्षक झालो, तेव्हा गावात पेढे तिनं वाटले. तेव्हापासून ती मला नावानं हाक मारेनाशी झाली. मी 'मास्तर' झालो, चेष्टेनंही आणि अभिमानानंही.

मास्तर म्हणजे काय, तर ज्याला इंग्रजी वाचता येतं तो. आणि ज्याला इंग्रजी वाचता येतं त्याला सगळंच वाचता येतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. माझ्या खोलीवर लोक कोर्टाची नोटीस घेऊन येत, गोडाऊनच्या कराराचे कागद आणत, रक्ताचे रिपोर्ट आणत. आमच्या मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालतात, त्या खटखटीत एक जण ओरडून विचारी, "सर, देखो ना जरा, शुगर है के नहीं?" आणि मी चष्मा लावून तितक्याच मोठ्यानं निकाल देई. आकडा ठळक छापलेला असला की काहीतरी वाढलंय, हे कळायला डॉक्टर कशाला हवा? समजूत लोकांची होती, हे मघाशी मी जरा सावरूनच लिहिलं. ती माझीही होती.

बायला थायरॉइडचा त्रास निघाला तो माझी नोकरी संपली त्या सुमारास. आधी ती नुसती मंदावली. त्यांच्या दापोड्याच्या शेतावर गोडाऊनं उभी राहिली होती, प्रकाशचं बरं चाललं होतं, घरात कामाला माणसं होती. आम्हाला वाटलं, आता आराम आहे म्हणून सुस्ती. मग चेहरा सुजला, आवाज जाड झाला. भर वैशाखात ती स्वेटर घालून ओटीवर बसू लागली. "मना थंडी वाजतं रं," ती म्हणायची. मी म्हणालो, "लोक थंड हवेसाठी माथेरानला जातात, तुला घरबसल्या मिळाली." ती हसली. पूर्वी माझं वाक्य संपायच्या आत हसायची, आता वाक्य संपल्यावर थोडं थांबून. तो थोडा वेळ मला आता फार ऐकू येतो.

त्याच उन्हाळ्यात तिच्या आग्रहावरून आम्ही दोघं एसटीनं वज्रेश्वरीला गेलो. देवीपेक्षा तिला ओढ गरम पाण्याच्या कुंडांची. लोक पाय टेकवून चटकन वर घेत होते आणि ही पोटऱ्यांपर्यंत पाय सोडून डोळे मिटून बसली. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता. "आता कुठं बरं वाटलं," ती म्हणाली. शेजारच्या बाईनं तिच्या सुजलेल्या पावलांकडे पाहून मला विचारलं, "ह्यांना दाखवलं का कुनाला?" अनोळखी बाईला दिसलं ते चार पुस्तकं वाचलेल्या भावाला दिसलं नव्हतं.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या पाटीवर पदव्या इतक्या होत्या, की त्यांत नाव शोधावं लागे. काचेची केबिन, भिंतीवर फ्रेम, आत आपल्याला तीन मिनिटं. त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि शंभर गोळ्यांची बाटली लिहून दिली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, नंतर अर्धा तास चहा नाही, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्ताची टीएसएच तपासणी. "आणि रिपोर्ट मला आणून दाखवा," हे त्यांनी दारापर्यंत सांगितलं होतं. बाहेर पडल्यावर मी त्यांची नक्कल केली, बोटात पेन फिरवत. बाय रस्त्यात पोट धरून हसली. "मास्तर, तू डाक्टर झाला असतास तं लोक हसूनच बरं झालं असतं."

गोळीनं तिला उतार पडू लागला. पण चहाशिवाय अर्धा तास म्हणजे तिच्या लेखी उपासच. ती चहाबरोबरच गोळी घ्यायची, हे मला नंतर कळलं. पुढचा रिपोर्ट आला तो प्रकाशनं दापोड्याला जाता जाता माझ्याकडे टाकला. टीएसएच पाचच्या आत हवा होता. आला होता बारा, ठळक अक्षरांत. संध्याकाळी मी शेलारला गेलो. बाय ओटीवर पानाचा डबा उघडून बसली होती. मी कागद वाचला, दोनदा, आणि म्हणालो, "थायरॉइड वाढलंय तुझं. गोळी जास्त होते. डॉक्टर लोकांचं असंच, बाटली संपली पाहिजे ना. अर्धी कर."

"अर्धी कशी करू? ही तं मुगाएवढी हाय."

तिनं स्वतःच उत्तर शोधलं. डब्यातला अडकित्ता काढला, गोळी पात्यात धरली, सुपारी कातरावी तशी कट केली. बरोबर मधोमध. अर्धी तळहातावर, अर्धी डब्याच्या चुन्याच्या खणात. दुसरी अर्धी दुसऱ्या दिवशी ती घेणार नव्हती. कातरलेलं रात्रभर राहिलं की शिळं, हा तिचा नियम सुपारीला होता तसा गोळीलाही. आणि औषध फेकायचं नाही, कुणाला तरी लागतं, हाही नियम. म्हणून रोज नवी गोळी. बाटली वेळेवर संपत होती, प्रकाश वेळेवर नवी आणत होता, आणि घरात सगळ्यांना वाटत होतं की औषध व्यवस्थित चालू आहे.

दोन-अडीच महिन्यांत ती पुन्हा सुजली. जिना चढताना दोनदा बसू लागली. पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा चाळिशीच्या वर होता. गोळी अर्धी करूनही वाढतंय म्हटल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि मी एकटाच तो कागद घेऊन काचेच्या केबिनमध्ये गेलो. गोळी अर्धी चाललीय म्हटल्यावर, अर्धी कुणी केली, हे डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं, हा माणूस आता ओरडेल. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, लूमवाल्यांच्या शेजारी राहता ना? मुकादम कधी ओरडतो?"

"कामगार हलत नाही तेव्हा."

"टीएसएच म्हणजे तो मुकादम. गळ्यातली ग्रंथी काम करत नाही म्हणून मेंदूतून ओरडतोय. ओरड वाढली म्हणजे काम कमी पडतंय. तुम्ही ओरड ऐकलीत आणि गोळी अर्धी करून उरलेल्यांतले निम्मे कामगार घरी पाठवलेत."

इतक्या सोप्या मराठीत मला त्या वयापर्यंत कुणी मूर्ख ठरवलं नव्हतं. तीन नव्हे, वीस मिनिटं ते बोलले. रक्तातलं औषध स्थिरावायला कसे आठवडे लागतात, वयस्कर हृदयावर डोस हळूहळू का वाढवायचा, चहा का थांबवायचा. थोड्या जास्त ताकदीची नवी बाटली लिहून दिली, सहा आठवड्यांनी तपासणी. त्या गोळ्या फिकट गुलाबी होत्या.

आता जे लिहायचं आहे, त्याच्यासाठीच हा लेख आहे. बाकीचं टाळता आलं असतं.

बाटली घेऊन मी त्याच संध्याकाळी शेलारला गेलो. रिक्षात वाक्य तयार केलं होतं : 'बाय, माझं चुकलं. मला कळत नव्हतं आणि मी सांगितलं.' दोन साधी वाक्यं, माझ्या आठवीच्या मुलांना मी भाषांतराला दिली असती. ओटीवर प्रकाश होता, त्याचे दोन मित्र होते, त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. तो उठून उभा राहिला, म्हणाला, "बसा सर." मी बसलो. बाटली बायच्या हातात दिली आणि म्हणालो, "डॉक्टर म्हणतो, ही पूर्ण घ्यायची. चहाआधी अर्धा तास."

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्यो बोलतंय ते झालं. तू काय बोलतंस?"

"मी काय बोलणार? डॉक्टर तो आहे." आणि मी बोटात पेन फिरवल्यासारखं केलं. तीच नक्कल. माझा विद्यार्थी हसला. बायसुद्धा हसली, थोडं थांबून. "समजलं," ती म्हणाली.

तिला काय समजलं, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर घरात प्रकाशच्या मुलीची हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण. मांडव, डीजे, पुढारी, त्यांच्या गाड्या. त्या धामधुमीत सहा आठवड्यांची तपासणी राहिली. मी फोनवर विचारायचो, "गोळी घेतेस ना?" ती म्हणायची, "घेतंय ना, तू सांगितलंस तशी." माझं समाधान व्हायचं. 'तू सांगितलंस तशी' हे शब्द मी कितीदा ऐकले आणि एकदाही ऐकले नाहीत... माघात एका पहाटे तिला श्वास पुरेना. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतर प्रकाशनं मला पानाचा डबा दिला. "आईची आठवण, मामा. आमच्यात आता कोण पान खातंय." घरी आणून मी तो उघडला. अडकित्ता वरच होता. चुन्याचा खण भरला होता आणि काताचाही. खाली पांढऱ्या अर्ध्या गोळ्या, जुन्या, चुन्यानं माखलेल्या. त्यांच्यावर, काठोकाठ, गुलाबी.

पांढऱ्यांचं मी काहीतरी करू शकतो. ते अज्ञान होतं, अज्ञानाला माफी असते असं ऐकलंय. पण गुलाबी प्रत्येक अर्धी तिनं माझ्या त्या नकलेनंतर कातरलेली आहे. डॉक्टरांवर हसायला मी तिला शिकवलं होतं, आणि ती शहाणी विद्यार्थिनी होती. मास्तरच्या तोंडात शब्द डॉक्टरचे आहेत आणि मत अजून मास्तरचंच आहे, एवढं तिला बरोबर समजलं होतं. भावानं खांद्यावरून उतरल्यावर जे जे सांगितलं ते तिनं आयुष्यभर खरं मानलं होतं.

डबा घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुष्कळ वेळ त्यात पाहिलं. म्हणाले, "सर, वय होतं, हृदय आधीच थकलेलं होतं. याचा वाटा किती, मी सांगू शकत नाही." सांगू शकत नाही, म्हणजे नव्हता असं नाही. प्रकाशलाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, जेवून जा." या दोघांपैकी एकानं तरी ओरडायला हवं होतं.

त्या दिवशी केबिनमधून निघताना डॉक्टरांनी माझंही रक्त तपासायला लावलं, भावंडांत असतं म्हणून. रिपोर्टचा लिफाफा मी न उघडता त्यांच्या टेबलावर ठेवला. माझ्यातही थायरॉइड निघालं. आता मलाही एक बाटली आहे. रोज सकाळी उठून एक गोळी, पाण्याबरोबर, मग अर्धा तास चहा नाही. त्या अर्ध्या तासात करण्यासारखं काही नसतं. मागच्या गल्लीत लूम सुरू असतात. पानाचा डबा समोर ओट्यावर असतो. मी तो रिकामा केलेला नाही, फेकायचं नाही हा नियम तिचा. गोळी तळहातावर घेतली, की ती रोज तेच विचारते, हसण्याआधी थांबायची तशी थांबून... "तू काय बोलतंस?"

घरात दुसरं कुणी नाही, म्हणून मी मोठ्यानं सांगतो. "माझं चुकलं, बाय. पूर्ण घे."

आणि गोळी मी गिळतो.