उभ्या गाडीची बॅटरी

मी शाळेत विज्ञान शिकवते. वीज मोजायची असेल तर मीटर तारेच्या मध्ये जोडायचा, तारेच्या बाजूला नाही, हे इतकी वर्षं फळ्यावर काढत आले आहे की झोपेतही काढून दाखवीन. पण खरोखरची वीज मोजायची वेळ आली ती बाबांच्या गाडीमुळे, आणि त्या गाडीनं मला पार दमवलं.

गाडी लहान, पांढरी, घेतली तेव्हाच दुसऱ्याच्या हातची. गोंडपिपरीच्या पुढं आमचं गाव. बाबांचं हृदय कमजोर झालं आहे, छातीत पाणी धरतं आणि मग श्वास लागतो. डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा बैलं विकून रिकाम्या झालेल्या कोठ्यात गाडी जाऊन उभी राहिली. महिन्यातून एकदा चंद्रपूरला तपासणी, आणि श्वास लागला तर लगेच दवाखाना, एवढंच तिचं काम. चालवायला शेजारी एक ड्रायव्हर राहतो, त्याला सगळे भाऊ म्हणतात. म्हणजे सगळी व्यवस्था होती. फक्त गाडी सुरू व्हायला हवी होती.

जानेवारीत एका सकाळी बाबांना श्वास लागला. भाऊ धावत आला, ताडपत्री ओढून फेकली, किल्ली फिरवली. टक् असा एक आवाज आला आणि पुढं काही नाही. अर्ध्या गावानं गाडी ढकलली, शाळेच्या उतारापर्यंत नेली, तरी ढिम्म. शेवटी कापूस भरलेला एक टेम्पो थांबवला, कापसाची निम्मी बोंदरी, ती मोठाली गाठोडी, रस्त्यावर उतरवली आणि बाबांना उरलेल्या कापसावर बसवून गोंडपिपरीला नेलं. तिथून ॲम्ब्युलन्सनं चंद्रपूर. मी भद्रावतीहून पोहोचले तेव्हा त्यांच्या तोंडावर मास्क होता आणि केसांत कापूस. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, एवढा उशीर पुन्हा करू नका. जणू मी मुद्दाम केला होता.

नवी बॅटरी टाकली. आठ दिवसांत तीही उतरली. दुकानदार म्हणाला बॅटरी चांगली आहे, गाडीत खोट आहे. गोंडपिपरीचा मेकॅनिक म्हणाला गाडी चांगली आहे, बॅटरीत खोट आहे. मी दोघांच्या मध्ये, एसटीत.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या मेकॅनिकला घेऊनच गावी गेले. भल्या मनाचा माणूस. त्यानं डायनॅमो तपासला, सगळे फ्यूज एकेक करून काढून बघितले.

"उभी गाडी थोडी बॅटरी खातेच, मॅडम. घड्याळ खाते, टेप खाते."

"आठ दिवसांत संपेल इतकी?"

"इतकी नाई खात," तो म्हणाला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू रात्री येऊन मीच दिवे लावत असते. मग त्यानं टेपची वायर तोडली. बाबांची सकाळची गाणी गेली, बॅटरी मात्र पुन्हा उतरली.

रोज तार काढून ठेवावी, हा उपाय मलाही सुचला होता. पण भाऊ निम्मे दिवस बाहेरगावी असतो; तेव्हा चालवायला गावात आणखी दोघं आहेत, पण पाना धरता येणारा एकटा भाऊच. बाबांचे हात थरथरतात. आई पान्याला हात लावत नाही. श्वास लागल्यावर पाना शोधत बसणार कोण? भाऊ गावात असला की दोन दिवसांआड पुढची ताडपत्री उचलून गाडी दहा मिनिटं सुरू ठेवायचा, त्यावर आमचा दिवस काढणं चाललं होतं.

शेवटी मी स्वतः मीटर घेतला. बॉनेट उघडलं, दारं बंद केली, बॅटरीची उणे बाजूची तार सोडवून मध्ये मीटर जोडला. गाडी शांत व्हायला वीस मिनिटं थांबायचं असतं. मी कोठ्यात उपड्या घमेल्यावर बसून राहिले. आई दारात चहा घेऊन उभी. मीटरवर आकडा आला तो इतका किरकोळ की त्यानं बॅटरी उतरायला महिना लागला असता. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं, तोच आकडा. मी असताना गाडी अगदी शहाणी असायची. मी एसटीत बसले की चार दिवसांत मेलेली. वर्गातली काही मुलं अशी असतात.

"माह्यासारखीच झाली तं," बाबा एकदा हसून म्हणाले. "उभ्या उभ्या उतरते."

मी त्यांच्यावर ओरडले. असले विनोद मला त्या दिवसांत सहन होत नव्हते. भद्रावती ते चंद्रपूर, चंद्रपूर ते गोंडपिपरी, तिथून ऑटो, आणि रविवारी तेच उलटं. सोमवारी वर्गात उभं राहिलं की पाय माझे नसायचे. त्याच दिवशी मी दोघांना सांगून टाकलं, गाडी आणखी एकदा बंद सापडली की तुम्ही माझ्याकडे भद्रावतीला यायचं. चर्चा नको.

आई सुपात तूर पाखडत होती. तिनं एवढंच विचारलं, "तुह्याइथी आंगन आहे का?"

नाही, हे तिला माहीत होतं. माझ्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर आहेत.

मार्चमध्ये भाऊचा फोन आला, "ताई, गाडी पुन्हा झोपली." बाबा त्या दिवशी बरे होते, तपासणी एक दिवस पुढं गेली, एवढ्यावर निभावलं. पण शब्द म्हणजे शब्द. परीक्षा संपल्या की न्यायचं ठरलं. आई हो म्हणाली. मी खोटं बोलणार नाही, मला हायसं वाटलं. तीन वर्षं पंधरवड्याला ही वारी करून मी कंटाळले होते. बॅटरीनं माझ्यासाठी निकाल दिला होता, मला वाईटपणाही घ्यावा लागला नाही.

एप्रिलमध्ये चंद्रपूरला आमचं एक प्रशिक्षण होतं. दहा वाजता कळलं की रद्द झालं. परत जाण्याऐवजी मी गोंडपिपरीच्या बसमध्ये बसले. फोन केला नाही, बॅगेत मीटर तेवढा पडलेला होता. घरी पोहोचले तर बाबा झोपलेले, आई शेजारी शेवया करायला गेलेली. न्यायच्या आधी गाडी एकदा शेवटची बघावी म्हणून मी कोठ्यात गेले. आधी सवयीनं पुढून मीटर जोडला.

आकडा पंधरापट.

मी मीटरच बिघडला समजले. ताडपत्री पूर्ण ओढली. मागची डिक्की बोटभर उघडी होती. झाकणाखाली तुराटीचा तुकडा टेकवलेला, आणि फटीत जुन्या मच्छरदाणीचा बोळा नीट खोचलेला. बोळ्यातून पिवळा उजेड येत होता. ताडपत्रीखाली तो दिवसा काय, रात्रीही कुणाला दिसला नसता.

डिक्की उचलली. आत लुगड्याच्या कापडात बांधलेली दोन मोठी गाठोडी आणि चार लहान. मोठ्यांत धान. लहानांत वाल, लाखोळी, अंबाडी, भोपळा. बाजूला कडुनिंबाचा वाळका पाला. आणि या सगळ्यावर छपराच्या कोपऱ्यातला तो एवढासा दिवा, अहोरात्र जळत असलेला.

आता गेल्या उन्हाळ्यातलं सांगते, ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. आमचं शेत बटईनं दिलं आहे, बटईदार दुकानातलं पाकिटातलं बी पेरतो. तरी आई जुन्या, वासाच्या धानाची बिजवाई, म्हणजे पेरायचं बी, बांबूच्या कणगीत राखून ठेवायची, एवढं बी कोण पेरणार याचा विचार न करता. कणगीत उंदीर झाले होते. मी सुट्टीत घर आवरायला घेतलं, कणगी मोडून चुलीत घातली आणि ती बिजवाई गिरणीवर नेऊन कांडून आणली. घरात तांदूळ होईल, उंदीर जातील, मला वाटलं मी केवढं शहाणपणाचं काम केलं. त्या तांदळाचा भात घरभर घमघमला. आईनं त्या दिवशी भाकर खाल्ली, पोट बरं नाही म्हणाली. मी दोनदा वाढून घेतला होता.

तिच्याकडे ओंजळभर बी कुठंतरी उरलं असणार. बटईदाराला विनवून तिनं त्याचे पऱ्हे टाकले असणार, ती रोपं शेतात बांधीच्या कोपऱ्यात लावली असणार आणि दिवाळीनंतर धान कापून आणलं असणार. मग घरात उंदरांना चढता येणार नाही अशी पत्र्याची एकच पेटी होती, ही डिक्की, आणि बंद पेटीत बी उबतं म्हणून तिला हवा हवी. मी येणार असले की ती आदल्या दिवशी गाठोडी काढून डिक्की लावून घ्यायची. मी एसटीत बसले की पुन्हा ठेवायची. जानेवारीत ढकलणाऱ्या कुणाच्या हातानं डिक्की दाबली गेली असेल, आत काय आहे हे बघायला कुणाला वेळ होता. बी गाडीत ठेवलं होतं ते नुसतं उंदरापासून नाही, माझ्यापासून लपवायला. मी मेकॅनिकला विचारलं, दुकानदाराला विचारलं, फोनवर अनोळखी लोकांचे व्हिडिओ बघितले. मला लाज वाटली, आणि इतका थकवा आला की मी तिथंच घमेल्यावर बसले.

बसल्या बसल्या एक विचार आलाच. डिक्की होती तशी टेकवून ठेवायची आणि काही बोलायचं नाही. पुढच्या महिन्यात दोघं भद्रावतीला, माझे शनिवार माझे. कुणाला कळणार होतं?

मी उठले आणि दिव्याची काच काढून बल्ब उपटला. मीटरचा आकडा खाली आला, किरकोळ, महिनाभर पुरेल असा.

"कवा आली?"

आई दारात होती, हाताला मैदा. तिनं मला बघितलं, मग उघड्या डिक्कीकडे, मग पुन्हा मला.

"हे मी तुह्याइथी नाई आनत, बाई," ती घाईनं म्हणाली. "शेजारच्या बाईले देऊन टाकतो म्हटलं. तू कांडू नको फक्त."

 तिची नजर माझ्या मुठीतल्या बल्बवर गेली.

"दिवा काऊन काढला? तो तं फ्रिजसारखा हाये, झाकलं की जाते." मग ती थांबली. तुराटीच्या तुकड्याकडे बघितलं. तिचा चेहरा हळूहळू उतरायला लागला, आणि ती जानेवारीतली ती सकाळ मोजते आहे हे मला दिसलं. "का त्याच्यानंच..."

"उंदीर," मी म्हणाले. "पुढच्या वायरी उंदरानं कुरतडल्या होत्या. आत्ता सापडलं. बांधल्या मी."

"उंदीर?"

"हो. बल्ब जळाला होता म्हणून काढला."

आईनं मोठा श्वास सोडला. लगेच तिला जोरही आला. "मी सांगून राह्यलो होतो तुले, उंदीर लय झाले. म्हनून तं मी हे इथी ठेवलं. मांगं नाई येत ते." तिनं मैद्याचे हात पदराला पुसले आणि एक गाठोडं दाबून बघितलं. "मंग आता गाडी चालू राहीन?"

"राहील."

"मंग आमाले तुह्याइथी यायचं काम नाई?"

मला त्या दोन एसट्या आणि तो ऑटो दिसला, जायचा आणि यायचा. माझे आणखी किती शनिवार, ते मी मोजले नाहीत.

"नाही," मी म्हणाले.

तिनं डिक्की खाली घेतली, तुराटी टेकवली, मच्छरदाणीचा बोळा फटीत खोचला, आणि यावेळी माझ्यासमोर. मग म्हणाली, "या साली जास्तीचे पऱ्हे टाकतो. मागच्या साली तुले तो भात लय आवडला होता."