साठ पौंड हवा

मिस्त्रींच्या गॅरेजमधून गाडी वेळेवर सुटत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. कारण एकच, ती डबी. पाणी आणि अल्कोहोलचा फवारा बसवलेली टर्बोची गाडी आली की मिस्त्री आधी पंप बंद करतात, नळी सोडतात, तिच्यातला थेंबन्‌थेंब बादलीत उतरवतात आणि मगच डबीच्या हवेला गेज लावतात. एकदा लावून भागत नाही. चहा पिऊन येतात, पुन्हा लावतात. गिऱ्हाईक घड्याळ बघतं, वैतागतं, "मिस्त्री, डबी आहे की तान्हं बाळ?" म्हणून टोमणा मारतं. मिस्त्री हसण्यावारी नेतात. इतका काटेकोर माणूस दुसरा सापडायचा नाही, असं बाजारात म्हणतात. म्हणू देत. लोकांना आतलं काय माहीत?

डबी म्हणजे दाब साठवून ठेवणारा अ‍ॅक्युम्युलेटर. मुठीएवढं पोलादी भांडं, आत मधोमध रबराचा पडदा. पडद्याच्या एका अंगाला कोंडलेली हवा, दुसऱ्या अंगाला पंपाने ढकललेलं पाणी आणि अल्कोहोल. टर्बो जोर करू लागला की इंजिन आतून भयंकर तापतं, आणि फवारा त्याच क्षणी लागतो. पंपाला जोर धरायला अर्धा सेकंद जातो. तेवढा अर्धा सेकंद डबीतली हवा मागून रेटा देऊन निभावून नेते. हवाच नसेल तर रेटा नाही, फवारा उशिरा, आणि पिस्टनला भोक. ही हवा मोजायची ती पलीकडचं पाणी काढून टाकल्यावरच. नळीत दाब तसाच ठेवून गेज लावलं तर काटा त्या पाण्याचा दाब दाखवतो, आणि आपण समजतो की हवा ठणठणीत आहे.

हे सगळं मिस्त्रींना तेवीस वर्षांपूर्वीही तोंडपाठ होतं. तीच तर खरी रड आहे.

तेव्हा त्यांची धाकटी बहीण डोंगरचढणीच्या शर्यतीत गाडी चालवायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा मिस्त्री एकोणीस वर्षांचे होते आणि ती दहाची. ती शाळेतून थेट गॅरेजमध्ये यायची, स्टुलावर बसून गृहपाठ करायची आणि पाने-पकडी हातात देता देता सगळं शिकली. चोविसाव्या वर्षी तिने अशा चढणी मारल्या की एका गाडीमालकाने आपली सगळ्यात महागडी गाडी तिच्या हवाली केली. मिस्त्री मात्र तिच्या तोंडावर कधी "शाब्बास" म्हणाले नाहीत. कौतुकाने माणूस बिघडतो, असं त्यांचं मत. मत कसलं डोंबलाचं, निव्वळ चिक्कूपणा. घरी आल्यावर तिचे चषक तेच पुसून ठेवायचे.

त्या गाडीच्या शर्यतीच्या सकाळी घाई झाली. तिचा नंबर अचानक पुढे आला. नळी रिकामी करून पुन्हा भरायची म्हणजे पाव तास तरी हवा. पंप थोड्याच वेळापूर्वी बंद केला होता, नळीतला दाब हळूहळू उतरत होता. मालक पाठीशी उभा. मिस्त्रींनी तसंच गेज लावलं. काटा साठ पौंडांवर. साठच हवे होते. त्यांनी वहीत साठ लिहिलं आणि बॉनेट खाली ओढलं.

पाचव्या वळणाला इंजिन जाम झालं. गाडी आडवी होऊन दगडी भिंतीवर आदळली. बहिणीचं गळ्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. जीव वाचला. संध्याकाळी इस्पितळात मालक सगळ्यांदेखत विचारत होता, असं झालंच कसं? मिस्त्रींचं डोकं फिरलेलं, भीतीने आणि लाजेने. ते खाटेजवळ जाऊन तिलाच म्हणाले, "इंजिन ठोके द्यायला लागल्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायला नको? तुझ्या पायाला कळतच नाही." तिने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये त्यांनी नळी रिकामी केली आणि डबीला गेज लावलं. हवा आठ पौंड होती. वॉल्व्ह झिरपत होता, कोण जाणे किती दिवसांपासून.

ते तसेच फळं घेऊन इस्पितळात गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते. पण तिथे मालक बसला होता. मग उद्या सांगू म्हणाले. उद्याला परवा लागला. हाडं जुळली, मालकाने दोनदा निरोप धाडला की ये, गाडी तयार आहे. तिने दोन्ही वेळा नकार दिला. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम मिळालं. मिस्त्री दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचे आणि तेवढं सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचे. आपण खोटं बोलत नाही, फक्त गप्प आहोत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडतो!

मागच्या वर्षी अशाच एका रविवारी ते जिना चढून वर गेले, तर मायलेकींचं कडाक्याचं भांडण चाललेलं. टेबलावर शर्यतीच्या प्रशिक्षणाचा अर्ज पडला होता. भाची सतरा वर्षांची, पालकाच्या सहीची जागा कोरी.

"बरं झालं आलास, दादा," बहीण म्हणाली. "तूच समजाव हिला. तू होतास तिथे. पायाला कळत नसेल तर काय होतं, ते सांग. माझ्या पायाला कळलं नाही, तर हिच्या कुठून कळणार? माझीच पोर ना ही!"

"मामा, खरं सांग," भाची रडवेली झाली होती. "आई खरंच इतकी वाईट चालवायची?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण आता ते गप्प राहणं नव्हतं, ती साक्ष होती, आणि पोरीचं सगळं आयुष्य त्या मानेवर येऊन थांबलं होतं.

"हवा साठ नव्हती," ते म्हणाले. "आठ होती. मी नळी रिकामी न करताच गेज लावलं होतं."

भाचीला काही उमगलं नाही. बहिणीला लगेच उमगलं, ती त्या गॅरेजमध्येच वाढली होती. तिने शेगडी बंद केली आणि खुर्चीवर बसली.

"कधी कळलं तुला?"

"दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी तू फळं घेऊन आला होतास."

"हो."

ती टेबलाकडे बघत अगदी हळू आवाजात बोलू लागली. "मी पाय उचलला होता, दादा. पहिला ठोका ऐकल्या ऐकल्या उचलला होता. मला चांगलं आठवत होतं. पण तू म्हणालास नाही उचलला. मग मला वाटलं, दादा म्हणतो म्हणजे नसेलच उचलला, मला भलतंच आठवत असेल. हिला लहानपणी ताप चढला होता ना, तेव्हा शेजाऱ्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली होती. मी ती परत केली आणि हिला कडेवर घेऊन रस्त्याने टॅक्सी शोधत पळत होते."

तिने ओरडावं, हाताला येईल ते फेकून मारावं, असं मिस्त्रींना वाटत होतं. "बोल गं मला काहीतरी," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. पंचावन्न वर्षांचा माणूस बहिणीच्या स्वयंपाकघरात उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. भाची पाण्याचा पेला घेऊन आली, पण तो कोणाला द्यावा हे तिला कळेना.

"म्हणजे मी चांगली चालवत होते?" बहिणीने विचारलं.

"तुझ्यासारखं चालवणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही."

तिचा चेहरा एवढासा झाला. हे ऐकायला ती चोविसाव्या वर्षी किती आसुसलेली होती, ते मिस्त्रींना आत्ता कळलं. आता ती शेहेचाळीस वर्षांची होती.

तिने अर्ज पुढे ओढला, सही केली आणि मुलीच्या हातात दिला. मग भावाकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर मिस्त्रींनी तो आनंदाने सोसला असता.

"जेवून जा," ती म्हणाली. "पण हिच्या गाडीला तू हात लावायचा नाहीस."